दूर देशाची इच्छा व घरचा संतोष

घरांत राहून दूर देशाची इच्छा धरणें हा दोष आहे काय, असा प्रश्न एका उपदेशक बंधूंनीं आम्हांस लिहून विचारला आहे. त्यांच्या मंडळींत वसईकडील एक बाई आहे. घरकाम आटोपल्यावर ती क्रोशाची सुई घेऊन बसते, आणि तिच्या कपाटाच्या दारावर, आंतल्या बाजूस, फ्रान्स देशांतील एका शहराचें चित्र चिकटविलेलें आहे. एकदां तो देश पाहावा अशी तिची इच्छा आहे, व ती लपवूनही ठेवीत नाहीं. "आहे त्यांत तृप्त असावें असें आम्हीं शिकवितों, आणि ही बाई तर आपला असंतोष दारावर चिकटवून ठेवते, तिला काय सांगावें?" असें बंधू विचारतात. प्रश्न लहान दिसतो खरा, परंतु तसे प्रश्नच मंडळ्यांतून अधिक मनें दुखवितात, म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करूं.

प्रथम त्या घराकडे पाहूं. वसई-विरारकडे घर चालविणें म्हणजे घड्याळाशीं झुंज आहे. पहांटे पाणी येतें तें भरून ठेवावयाचें, डबे करावयाचे, आणि घरधन्यास गाडी सांपडेल अशा बेतानें दाराबाहेर काढावयाचें. कारण मुंबईची गाडी चुकली कीं सारा दिवस चुकला. वाडीच्या गांवांत हा दिवस आणखी आधीं सुरू होतो. तेथें फुलें उजाडण्यापूर्वीं खुडून दादरच्या बाजाराकडे धाडावीं लागतात. आणि राजेळी केळीं वाळवून सुकेळीं करण्याचा उद्योग ज्या घरीं आहे, तेथें उन्हाची वेळ साधणें हेंच एक व्रत होऊन बसतें. मग मुलांची शाळा, मासळीबाजार, सासूचें औषध, संध्याकाळची भाजी. या सर्वांतून दुपारीं दोन तास उरले तर उरले. त्या दोन तासांत बाई झोंपली तर तिला कोणी कांहीं म्हणत नाहीं. शेजारणीच्या ओट्यावर बसून तिनें तिसरीची निंदा केली तरी फारसें कोणी म्हणत नाहीं. पण ती सुई घेऊन जाळीचा रुमाल विणूं लागली, कीं "यानें पोट भरणार आहे काय?" हा प्रश्न निघालाच. याचें आम्हांस नेहमीं आश्चर्य वाटतें.

यापो नगरांतील टबीथा मरण पावली तेव्हां विधवांनीं रडत रडत पेत्राला काय दाखविलें? तिनें केलेले अंगरखे व वस्त्रें. तिच्या भाषणांची गोष्ट तेथें निघालेली नाहीं. हाताच्या कामाचा एवढा मान आहे. आतां कोणी म्हणेल कीं अंगरखा गरिबाच्या अंगावर घालतां येतो, परंतु पाण्याच्या माठावर घालावयाच्या जाळीच्या रुमालाचा उपयोग काय? ही शंका योग्य आहे. आणि तिचें उत्तर शोधावयास दूर जावयास नको, आपल्याच पालघर जिल्ह्यांत तें सांपडतें.

डहाणूकडील वारली लोकांच्या घरीं लग्नाच्या वेळीं भिंत सारवून तीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्यानें चौक लिहितात. बांबूची काडी, तिचें टोक चावून वा ठेचून केलेला कुंचला, आणि लाल मातीवर पांढरी रेघ, एवढीच सामग्री. हा चौक लिहिण्याचें काम सवाष्ण बायकांचें. त्यामागील विधीविषयीं येथें बोलावयाचें नाहीं. आमचें लक्ष त्या हातांकडे आहे. ज्यांच्या घरीं धान्य पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरण्याची शाश्वती नव्हती, अशा बायकांनीं त्याच धान्याचें पीठ भिजवून भिंतीवर झाडें, पाखरें व फेर धरून नाचणारीं माणसें लिहिलीं. यास उपयोग म्हणावयाचा कीं नाहीं? पोटाला लागणारी वस्तु भिंतीला द्यावी असें ज्या माणसाला वाटतें, त्याच्या ठायीं पोटाहून कांहीं अधिक आहे, एवढें तरी मान्य करावें लागेल.

पुढें काय झालें तेंही सांगितलें पाहिजे. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी नांवाचे एक चित्रकार या भागांत आले, आणि त्यांनीं या चित्रांस भिंतीवरून कागदावर आणलें. तेव्हां जिव्या सोमा मशे हे पुढें आले. यांचा जन्म १९३४ सालचा. लहानपणीं आई गेल्यावर ते बोलेनासे झाले व धुळींत रेघा ओढून मनांतलें सांगत, असें सांगतात. त्यांनीं केवळ लग्नाच्या वेळीं नव्हे तर रोज चित्रें लिहिलीं: मासे पकडण्याचें जाळें, शेतांतील काम, मुंग्यांचें वारूळ. १९८९ सालीं फ्रान्सची राजधानी पॅरिस येथें जगांतील अनेक देशांच्या कलावंतांचें एक मोठें प्रदर्शन भरलें, त्यांत त्यांचें काम मांडलेलें होतें. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, आणि २०१८ सालीं ते वारले.

ही गोष्ट ऐकून पुष्कळ लोक म्हणतात, पाहा, हौस अखेर उपयोगी पडली, झोंपडींतील चित्र फ्रान्सपर्यंत गेलें! आम्हीं तसें म्हणत नाहीं. तें चित्र पॅरिसला पोंचलें नसतें तर तें कमी प्रतीचें ठरलें असतें काय? ज्या बायकांनीं पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिले त्यांपैकीं बहुतेकींचीं नांवें कोणासही ठाऊक नाहींत. आणि कागद आला, पैसा आला, तेव्हां पुढें झालेले हात बहुधा पुरुषांचे होते. मशे यांचें मोठेपण यानें उणें होत नाहीं. पण घरांत बायको करते तेव्हां तो वेळेचा अपव्यय, आणि बाजारांत पुरुष करतो तेव्हां ती कला, हा हिशेब आमच्या लोकांनीं एकदां तपासून पाहावा.

आतां फ्रान्सकडे वळूं. एक गंमत आधीं सांगतों. 'क्रोशा' हा शब्दच मुळीं फ्रेंच आहे. लहान आंकडा असा त्याचा अर्थ. म्हणजे ती बाई रोज दुपारीं फ्रान्सचा एक शब्द हातांत धरून बसते. आणि हें कांहीं नवल नव्हे. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती. त्यांच्या जिभेवरचे पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द आज अशा घरांतही रुळले आहेत, जेथें पोर्तुगाल कोणत्या दिशेस आहे हें कोणी सांगूं शकणार नाहीं. दूर देश आपल्या स्वयंपाकघरांत आधींच येऊन बसला आहे. मग त्याला पाहून यावें असें कोणास वाटलें तर तें परकें वेड कसें?

तथापि त्या बाईनें हेंही जाणून असावें कीं चित्रांतील फ्रान्स हा एक आणि खरा फ्रान्स हा दुसरा. आपल्या देशांतील हजारों खेडुतांनीं तो देश प्रथम पाहिला तो १९१४ सालीं, आणि तो त्यांनीं खंदकांतून पाहिला. खडकी येथें ठाणें असलेल्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन तुकड्या त्या सालच्या ऑक्टोबरच्या २८ तारखेस न्यूव्ह शापेल नांवाच्या गांवावर चालून गेल्या व तेथें त्यांची मोठी हानि झाली. त्याच गांवाजवळ १९२७ सालीं उभारलेल्या स्मारकावर, ज्यांस स्वतःची कबर मिळाली नाहीं अशा ४,७०० हून अधिक हिंदी माणसांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्यांनींही घरीं पत्रें धाडलीं, आणि त्यांच्या आयाबायकांनीं त्या देशाचें नांव भीतीनें घेतलें.

उलट चित्रकार सैयद हैदर रझा यांची गोष्ट पाहा. मध्य प्रदेशांतील एका लहान गांवीं १९२२ सालीं त्यांचा जन्म झाला. नागपूर व मुंबई येथें ते कला शिकले, आणि १९५० सालीं मोठ्या इच्छेनें फ्रान्सला गेले. तेथें ते सुमारें साठ वर्षें राहिले. आणि त्या साठ वर्षांच्या उत्तरार्धांत त्यांनीं पुन्हां पुन्हां काय रंगविलें? एक काळा बिंदु. लहानपणीं गांवच्या शाळेंत चंचल मुलाचें मन स्थिर व्हावें म्हणून मास्तरांनीं भिंतीवर काढलेला ठिपका, तोच तो. ते परत हिंदुस्थानांत आले, २०१६ सालीं दिल्लींत वारले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणें मंडला येथें वडिलांच्या शेजारीं त्यांस पुरण्यांत आलें. फ्रान्सनें त्यांना पुष्कळ दिलें, हें तेच सांगत. पण भिंतीवरील ठिपका त्यांनीं येथूनच नेला होता. कपाटाच्या दारावर चित्र लावणाऱ्या बाईनें, आपण तेथें गेलों तर बरोबर काय नेऊं, याचा विचार अवश्य करावा.

आतां बंधूंच्या मूळ शंकेकडे येतों. पौल तुरुंगांत असतां फिलिप्पैकरांस लिहितो कीं कोणत्याही अवस्थेंत तृप्त राहण्यास तो शिकला आहे. हें वचन आमचे उपदेशक वारंवार सांगतात. परंतु याच पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायांत आपली दुसरी एक गोष्ट कळविली आहे, ती फारशी कोणी सांगत नाहीं. त्याला स्पेन देशास जावयाचें होतें. त्या काळच्या माणसास तो जगाचा शेवटच. रोमकरांस भेटण्याची उत्कंठा आपणांस पुष्कळ वर्षांपासून आहे, व त्यांच्याकडून पुढें स्पेनला जाऊं, असा बेत तो लिहितो. मात्र आधीं यरुशलेमांतील गरिबांसाठीं जमविलेली वर्गणी पोंचवावयाची आहे, म्हणून प्रथम तिकडे जातों, असें तो म्हणतो. तो स्पेनला पोंचला कीं नाहीं हें शास्त्रांत सांगितलेलें नाहीं. तेव्हां तृप्ति आणि दूरची इच्छा हीं दोन्ही एकाच माणसाच्या मनांत राहूं शकतात, एवढें तर सिद्ध झालें. हातचें कर्तव्य आलें तेव्हां त्यानें प्रवास पुढें ढकलला. इच्छा मात्र पुसून टाकली नाहीं.

हा भेद आम्हीं मुद्दाम सांगतों, कारण बंधूंच्या पत्राच्या शेवटीं एक हकीकत आहे. त्या बाईनें रुमाल व तोरणें विकून आलेले पैसे एका पत्र्याच्या डब्यांत सांठविले होते. गेल्या वर्षीं सासूच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, तेव्हां तिनें कोणी न मागतां तो डबा पुढें केला. मंडळींत तिची स्तुति झाली. "तिनें फ्रान्सचें वेड सोडलें" असें वडील मंडळी म्हणूं लागली. आणि नंतर कोणी पाहिलें, तों चित्र अजून कपाटावर होतें! तेव्हांपासून पुन्हां कुजबुज.

आमच्या मतें स्तुति चुकीची होती आणि कुजबुजही चुकीची आहे. तिनें पैसे दिले. इच्छा देण्यास तिला कोणी सांगितलें होतें? आणि त्याच घरांत दुचाकीचे हप्ते चालू होते, ते थांबवावे असें कोणाच्या मनांत आलें नाहीं. त्याच आळींतील मुलगे नोकरीसाठीं आखातांत गेले, जहाजावर गेले. त्यांस निरोप द्यावयास मंडळी जमली, प्रार्थना झाली, हार घातले गेले. त्यांपैकीं कोणास आपण असंतुष्ट म्हटलें नाहीं. ते पैसा आणतात म्हणून, असें कोणी उत्तर देईल. ठीक, तर मग आपण संतोष शिकवीत नाहीं, मिळकत शिकवितों, हें सरळ कबूल करावें. ज्याच्या इच्छेनें घरांत पैसा येतो तो उद्योगी, आणि जिच्या इच्छेनें दोन पैसे जातील ती लोभी, असा न्याय देवाच्या घरीं नसावा.

इच्छा दोषास केव्हां पोंचते, हें विचाराल तर आम्हांस असें वाटतें: जवळच्या माणसांचा तिरस्कार वाटूं लागतो तेव्हां. आपलें घर, आपली भाषा, आपल्या शेजारणी हलक्या वाटूं लागल्या, तर तें चित्र उतरवावें. परंतु बंधूंच्या पत्रावरून तसें कांहीं दिसत नाहीं. सासूच्या डोळ्यांत थेंब घालण्याचें काम तीच करते, आणि शेजारच्या मुली तिच्याकडे टाके शिकण्यास येतात.

प्रवास कशासाठीं, याविषयीं मात्र तिच्याशीं अवश्य बोलावें. येथें वसईकरांनीं आपल्याच भूमींतील एक दगड आठवावा. नाला सोपारा येथें १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सांपडला. त्या लेखाचा विषयच प्रवास हा आहे. पूर्वींचे राजे शिकारीसाठीं व करमणुकीसाठीं यात्रा करीत. अशोकानें त्याऐवजीं दुसऱ्या प्रकारची यात्रा सुरू केली, जींत वृद्धांस व साधुजनांस भेटावें, दान करावें, आणि खेड्यांतील लोकांची गांठ घेऊन त्यांच्याशीं धर्माविषयीं बोलावें. प्रवास बंद करा असें त्या राजानें म्हटलें नाहीं. तेथें जाऊन कोणाला भेटणार, एवढेंच त्यानें बदललें.

तेव्हां बंधूंस आमची सूचना ही. त्या बाईस चित्र उतरविण्यास सांगूं नये. तें चित्र कशाचें आहे हें विचारावें. बहुधा तें पॅरिसच्या लोखंडी मनोऱ्याचें असेल, कारण दुकानांत तेंच मिळतें. मग तिला आलाँसाँ या गांवाविषयीं सांगावें. फ्रान्सच्या नॉर्मंडी भागांतील हें गांव सुईनें विणलेल्या जाळीसाठीं प्रसिद्ध आहे. २०१० सालीं युनेस्कोनें ही कला जगाच्या वारशांत नोंदविली. एक चौरस सेंटिमीटर जाळी करण्यास तेथें सुमारें सात तास लागतात, आणि ती पुरती शिकण्यास सात ते दहा वर्षें. सात तासांत बोटाच्या नखाएवढें काम! "यानें पोट भरणार आहे काय" हा प्रश्न त्यांसही कोणी विचारीत असेलच. खर्चाचा विचारही मोकळेपणानें व्हावा: नुसत्या प्रवेशपरवान्यास, म्हणजे व्हिसास, जून २०२४ पासून प्रौढ माणसामागें ९० युरो पडतात, म्हणजे आठ-नऊ हजार रुपयांच्या घरांत, विमानभाडें निराळें. डबा भरण्यास वर्षें लागतील, आणि मध्येंच दुसरा मोतीबिंदू निघेल. पण या वेळीं डबा पुढें करण्याची पाळी एकट्या तिच्यावर येऊं नये, एवढें घरधन्यापाशीं बोलणें बंधूंच्या हातीं आहे, आणि तें बोलणें त्यांनीं बाईशीं बोलण्यापूर्वीं करावें.