अर्धं भाडं, दुप्पट भाडं

साताऱ्याचं रेल्वे स्टेशन साताऱ्यात नाही. ते माहुलीकडं, गावाबाहेर आहे. रात्रीच्या गाडीनं उतरलं की पहिला प्रश्न पडतो, पोवई नाक्यावरच्या लॉजपर्यंत ही बोचकी न्यायची कशी. सरावलेला माणूस दारातल्या पहिल्या रिक्षाला हात करत नाही. पिशव्या सावरत तो आवाराबाहेर येतो, आपल्यासारखीच एकटी दोन माणसं हेरतो आणि विचारतो, "शेअर का?" पिशवी मांडीवर, बॅग पायात, भाडं तिघांत. दिवसाची वेळ असली तर मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जायचं आणि एस.टी. नाहीतर वडाप पकडायचं. 'स्पेशल' गाडी आमच्याकडं नवरदेवासाठी आणि आजाऱ्यासाठी.

ही विद्या मी आप्पांकडून शिकलो. आमचं गाव मसूरच्या पंचक्रोशीतलं. कुठंही जायचं तर मसूर स्टेशन. १९७६ साली मला कॉलेजात घालायला आप्पा सांगलीला निघाले. मीटरगेज जाऊन मोठी लाईन झाली होती, त्यामुळे गाडी थेट सांगलीला. संगं पत्र्याची ट्रंक, वळकटी, आईनं बांधून दिलेल्या भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा. वसतिगृहात जागा मिळेपर्यंत दोन रात्री लॉजवर काढायच्या होत्या.

स्टेशनाबाहेर टांगे होते. एका म्हाताऱ्या टांगेवाल्यानं आवाज दिला, "पावनं, दोन रुपयं हुतील."

"बारा आणे घ्या," आप्पा म्हणाले.

"बारा आन्यात घोड्याला काय वारा घालू व्हय?"

घासाघीस सुरू झाली. आप्पा चार पावलं निघून जात, टांगेवाला हाक मारी, आप्पा परत येत. मला लाज वाटत होती, कारण बाजूला शहरातली पोरं उभी होती. शेवटी म्हाताऱ्यानंच तोड काढली. सामान टांग्यात टाकायचं, माणसांनी चालत यायचं, आठ आणे. घोडंही म्हातारं होतं, त्यालाही ते बरं. आम्ही टांग्यामागं चालू लागलो. अर्ध्या वाटेत टांगेवाला स्वतःच खाली उतरला आणि लगाम हातात धरून आप्पांच्या बरोबरीनं चालायला लागला. ऊस, पाऊस, लेकीचं लग्न, सगळं बोलून झालं. लॉजपाशी पोचल्यावर त्यानं टांग्याखाली टांगलेल्या घागरीतून तांब्या भरला आणि आप्पांपुढं धरला.

आप्पांनी तांब्या हातात घेतला. मग विचारलं, "गाव कुठलं म्हणायचं आपलं? आडनाव?"

त्यानं सांगितलं. आप्पा पाणी प्याले. मीही प्यालो.

त्या दिवशी मला यात काहीच दिसलं नाही. आमच्याकडं दोन माणसं भेटली की असंच विचारतात.

पुढं नोकरीला लागल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हातात आलं आणि पहिल्याच प्रकरणात मसूर निघालं. आमचं मसूर! हकीकत १९०१ सालची. त्यांचे वडील खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर कॅशियर होते. त्यांना भेटायला भीमराव, त्यांचा भाऊ आणि दोन भाचे साताऱ्याहून निघाले. साताऱ्याच्या घरापासून स्टेशन दहा मैलांवर, तिथपर्यंत टांगा केलेला. नवे कपडे, जरीच्या टोप्या. मसूरला उतरले तर न्यायला कुणी नाही, कारण पत्र वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तरनं आधी आपुलकीनं चौकशी केली. पोरांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा पालटला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या होत्या. दुप्पट भाडं देतो म्हटलं तरी कुणी तयार होईना. अखेर स्टेशनमास्तरनं तोड काढली. भाडं दुप्पट द्यायचं, गाडी पोरांनी हाकायची, गाडीवान शेजारून पायी चालणार.

मी पुस्तक मिटलं. सांगलीत आमचं सामान टांग्यात आणि आम्ही पायी, भाडं अर्ध्याहून कमी. मसूरला पोरं गाडीत आणि गाडीवान पायी, भाडं दुप्पट.

भाडं म्हणजे नेमकं कशाचं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागं लागला. चाकाचं, बैलाच्या श्रमाचं, गाडीवानाच्या वेळेचं, असं आपण समजतो. मग मसूरला जास्तीचे पैसे कशाचे घेतले? बैल तेच, रस्ता तोच, हाकायचे कष्टही पोरांनीच घेतलेले. ते पैसे शेजारी न बसण्याचे होते. 'पैसा असला की सगळं होतं' असं जो म्हणतो त्यानं हे प्रकरण वाचावं. त्या पोरांकडं पैसे होते, आप्पांकडं नव्हते. तरी घासाघीस आप्पा करू शकले. चार पावलं निघून जायची आणि मागून हाक येणार याची खात्री बाळगायची, ही चैन पैशाची नव्हे. टांगेवाल्यानं त्यांना आपल्यातला धरला होता. मसूरच्या पोरांना निघून जायला जागाच नव्हती.

त्या स्टेशनमास्तरला लोक भला म्हणतील. त्यानं पोरांना रात्रभर फलाटावर ठेवलं नाही, हे खरंच. पण त्यानं नियम मोडला नाही, नियमाला धक्का न लावता वाट काढली. असली भली माणसं मी खूप पाहिली आहेत. मीही त्यातलाच.

गाडीवानाचं पुढं काय झालं तेही बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. चार-पाच मैल तो पायी चालला. मग अंधारात एकाएकी उडी मारून गाडीत बसला आणि कासरे पोरांच्या हातून आपल्या हाती घेतले. पाय दुखले असतील. किंवा बघणारं कुणी उरलं नव्हतं. विटाळ खरा असता तर तो अंधारात थोडाच निवला असता? त्या रात्री पोरांच्या डब्यात भरपूर जेवण होतं, पण पाणी कुणी दिलं नाही, म्हणून ती उपाशीच झोपली. इथं मला सांगलीचा तांब्या आठवतो. त्या म्हाताऱ्यानं वेगळं आडनाव सांगितलं असतं, तर आप्पांनी तो तांब्या काय केला असता? आप्पा वाईट माणूस नव्हते, दारचा भिकारी त्यांनी कधी रिकामा पाठवला नाही. तरी याचं उत्तर मला ठाऊक आहे.

आमच्या घरात एक गोष्ट अभिमानानं सांगतात. पणजोबांची स्वतःची बैलगाडी होती आणि सुगी संपली की ते मसूर स्टेशनवर भाड्यासाठी उभे राहायचे. वर्षं जुळतात. मी पूर्वी मनाशी म्हणायचो, तो गाडीवान आमचा पणजोबा नसावा. आता वाटतं, असला तर बरं. कारण यायला तयार झालेला गाडीवान एकच होता. बाकीचे गाड्या घेऊन तिथंच उभे राहिले.

आप्पांना हे विचारायचं राहून गेलं.

मागच्या महिन्यात साताऱ्याला रात्री उतरलो. शेअर रिक्षा मिळाली. शेजारी एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांची पिशवी माझ्या गुडघ्यावर टेकलेली. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "गाव कुठलं?" मी सांगितलं. ते खुश झाले, त्यांची बहीण तिकडं दिलेली. मग म्हणाले, "आडनाव?"

मी म्हटलं, "मसूरजवळचा आहे, मसूरजवळचा."

"ते कळलं हो," ते म्हणाले, "आडनाव काय?"