निम्मी वाटी

मुलं शिकायला पुण्याला गेली आणि आमच्या स्वयंपाकघरात भागाकार सुरू झाला. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापं दिली. ती दोननं भागायला बँकेतला कारकून कशाला हवा? तरी मी भागली. रवा निम्मा, साखर निम्मी. उत्साहाच्या भरात भाजायचा वेळही निम्मा. शिरा कच्चा! ही म्हणाली, "अवचित कुणी आलं तर?" म्हटलं, "काटकसर!"

कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेला गेलो. डबा पुरला नाही, मापं माझीच! शेजारच्या अनोळखी आजोबांनी आपली भाकरी मोडली नि अर्धी आमच्यापुढे धरली.

निम्मं मी करत होतो, निम्मं त्यांनीही केलं. भागाकार तोच, खातं निराळं. आता रवा पुन्हा भरल्या वाटीनं. उरला तर शेजार आहेच.