अर्जावरची पहिली ओळ

2009 चा उन्हाळा होता. मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर विहिरीनं तळ गाठला होता. पावसाळ्यात या डोंगरांत धो धो कोसळतं, वैतरणेचं पाणी मुंबईच्या नळांपर्यंत जातं. पण चैत्र सरला की इथल्या बायका हंडे घेऊन दरीत उतरतात. त्या संध्याकाळी आंब्याखाली माणसं जमली, तीही तावातावानं. विषय मात्र मतदारसंघाचा होता.

"आपला जव्हार मतदारसंघच पुसून टाकला," एक जण म्हणाला. "2004 ला शेवटचं मत दिलं, तेवढंच. आता आमदार विक्रमगडचा होणार. खासदार डहाणूचा होता, तो पालघरचा झाला. या गोंधळात आपल्याला कोण विचारतो? मत टाकायलाच जायला नको."

खरंच तसं घडलं होतं. 2001 च्या जनगणनेवरून मतदारसंघांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या, 2008 मध्ये त्या लागू झाल्या आणि जव्हार, मोखाडा हे दोन्ही तालुके विक्रमगड मतदारसंघात गेले. जागा आदिवासींसाठी राखीव राहिली, नाव तेवढं गेलं. माणसांना ते लागलं होतं. बहिष्कारावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेव्हा एक म्हातारी पुढं सरकली. "माझं माहेर जव्हारचं. तिथं मुकणे राजांचं राज्य. लग्न होऊन इथं आले, तर इथं इंग्रजांचा अंमल. पुढं संस्थान गेलं, इंग्रजही गेले. मग पहिलं मत दिलं. दर उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चित्र. अक्षर येत नव्हतं, पण चित्र कळलं. आधी आपण मुंबई राज्यात होतो, मग महाराष्ट्रात आलो. एवढं सगळं बदललं. विहिरीला पाणी आलं का?"

कुणी बोललं नाही.

"मग जव्हारचं नाव होतं तेव्हा तरी आपण काय मागितलं, ते सांगा. लेखी काय दिलं?"

कुणापाशी एक कागद निघाला नाही.

म्हातारीनं बारावी झालेल्या नातवाला बसवलं. "लिही. खाली आपलं मागणं लिही: नवी विहीर, कुठं पाहिजे, किती घरं, किती बायका दरीत उतरतात. वरची ओळ कोरी ठेव. साहेब बदलेल तसं नाव घाल. खालचं एक अक्षर बदलू नको. आणि पोच घेतल्याशिवाय माघारी येऊ नको."

त्या ऑक्टोबरात विक्रमगडची पहिली निवडणूक झाली. पाड्यावर मतं मागायला आलेल्या प्रत्येकाच्या हाती तोच अर्ज पडला. बहिष्कार मागं पडला; माणसांनी मत दिलं आणि पुढं तोच अर्ज घेऊन ती पंचायत समितीत गेली. दिवाळीनंतर निम्मा पाडा भिवंडीकडं वीटभट्टीवर गेला, तरी जाण्याआधी प्रत्येकानं सही नाहीतर अंगठा दिला. 1 ऑगस्ट 2014 ला ठाणे जिल्हा विभागून पालघर जिल्हा झाला. पुन्हा वरची ओळ बदलली, खालचा मजकूर तोच राहिला.

नव्या कार्यालयातल्या बाबूनं सांगितलं, "जिल्हा नवा आहे, नव्यानं अर्ज करा, मग बघू." नातवानं टेबलावर एकेक प्रत मांडली. प्रत्येकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. मागणी कधीपासूनची, हे आता कुणाला नाकारता येईना. प्रकरण वर गेलं, पाहणी झाली, विहीर मंजूर झाली आणि पुढच्या उन्हाळ्याआधी तिला पाणी लागलं.

तात्पर्य: मतदारसंघाच्या रेषा दुसरे आखतात, त्या पुसल्याही जातात. आपलं मागणं मात्र आपणच लिहायचं, मत देऊन त्याच्यामागं उभं राहायचं आणि त्याची पोच जपायची. नाव गेलं म्हणून जो मत सोडतो, तो उरलेला हक्कही आपल्या हातानं देऊन टाकतो.