भुकेचा पुरावा

फुकट जेवणाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या हातात चांगला स्मार्टफोन दिसला, तर त्याला जेवण द्यायचं की नाही?

आमच्या पनवेलच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका रात्री हा प्रश्न पडला आणि सकाळपर्यंत त्यावर शंभरेक मेसेज झाले. दोघांनी ग्रुप सोडला. त्यातला एक दुपारी परत आला, कारण संध्याकाळी टेम्पो त्याच्याकडेच होता.

आमचा ग्रुप म्हणजे काही संस्था नाही. नोंदणी नाही, बॅनर नाही. पंधरा-वीस जण आहोत. लग्नाच्या हॉलमध्ये, एखाद्या केटररकडे किंवा हॉटेलात जेवण उरलं की फोन येतो. ज्याला जमेल तो टोप आणि डबे घेऊन जातो, जेवण तपासून उचलतो आणि तासाभराच्या आत वाटून टाकतो. तपासून म्हणजे वास घेऊन, चाखून. कोकणातल्या दमट हवेत खोबऱ्याचं वाटण घातलेली आमटी बघता बघता आंबते, दही-पनीरचं तर बोलायलाच नको. म्हणून आम्ही शक्यतो भात, डाळ, पोळ्या, सुकी भाजी एवढंच घेतो. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्याचे नियम सरकारने २०१९ मध्ये केलेले आहेत. ते वाचल्यापासून प्रत्येक टोपावर शिजवल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी असते.

आठवड्यातून दोनदा काही घरांतून ताज्या पोळ्याही येतात. ही कल्पना आमची नाही. औरंगाबादला २०१५ साली रोटी बँक सुरू झाली, तिथे शिळं चालत नाही. घरच्यांसाठी करता त्यातल्याच दोन पोळ्या आणि थोडी भाजी आणून द्यायची. मला हा नियम फार आवडतो. उरलेलं देणं आणि आपल्यातलं देणं यांत फरक आहे आणि तो खाणाऱ्याला पहिल्या घासात कळतो.

आता रांगेत कोण असतं ते सांगतो, कारण लांबून बघणाऱ्याला सगळे एकसारखे ‘गरीब’ दिसतात. नाक्यावर सकाळपासून बसून काम न मिळालेले बिगारी असतात. टाटा मेमोरियलचं खारघरला जे केंद्र आहे, तिथे उपचाराला आलेल्या पेशंटचे नातेवाईक असतात. हे लोक गावाकडे शेती असलेले, दारात मोटरसायकल असलेले. पण दोन-तीन महिने भाड्याच्या खोलीचे आणि औषधांचे पैसे भरल्यावर हातात काही उरत नाही. पुलाखाली राहणारी कुटुंबं असतात. रात्रीच्या गाडीची वाट बघणारे असतात. आणि हो, कधीकधी एखादा रिक्षावालाही असतो, ज्याची रिक्षा पलीकडेच उभी असते.

फोनचा मुद्दा त्यामानाने लवकर निकालात निघतो. बिगाऱ्याला फोन म्हणजे चैन नाही. मुकादमाचा फोन उचलला नाही तर उद्याचा रोज गेला. कॅन्सर पेशंटचे रिपोर्ट फोनवर येतात. आपण सगळे फोनला जीवनावश्यक म्हणतो आणि दुसऱ्याच्या हातात तो दिसला की त्याची किंमत मोजायला लागतो.

पण ग्रुपमधले काका फोनवर अडले नव्हते. काका निवृत्त बँक कर्मचारी आहेत, हिशोबाला पक्के. त्यांचं म्हणणं असं होतं, ‘अरे, त्या रात्री टोप रिकामा झाला तेव्हा रांगेत बारा माणसं बाकी होती. त्यांत दोन लहान मुलं होती. पुढे पोट भरलेला एक जरी उभा असेल ना, तर त्याने त्या मुलाचं ताट खाल्लं. तू त्याला विचारलं नाहीस म्हणजे तू मोठ्या मनाचा झालास, पण किंमत त्या मुलाने दिली.’

याला उत्तर देणं सोपं नाही. ‘विचारू नका’ म्हणणाऱ्यांना, म्हणजे मलाही, वाटतं की आपण माणुसकीच्या बाजूने आहोत. पण अन्न मोजकं असेल तर न विचारणं हीसुद्धा एक निवड असते. जो आधी आला आणि जो धट्टाकट्टा आहे, त्याच्या बाजूची.

पीटर सिंगर नावाच्या तत्त्वज्ञाने १९७२ साली एक निबंध लिहिला, ‘दुष्काळ, सुबत्ता आणि नैतिकता’ अशा अर्थाच्या नावाचा. त्यातलं उदाहरण आता कॉलेजातल्या पोरांनाही माहीत असतं. उथळ तळ्यात एक लहान मूल बुडतंय, तुम्ही बाजूने चाललाय, कपडे चिखलाने खराब होतील म्हणून तुम्ही थांबाल का? अर्थातच नाही. मग लांबच्या उपाशी माणसासाठी का थांबता? युक्तिवाद बिनतोड आहे. पण पनवेल स्टेशनबाहेर टोप घेऊन उभं राहिल्यावर मला त्यातली एक सोय दिसते. तळ्यातलं मूल बुडतंय हे दिसतं. त्याला कोणी विचारत नाही, ‘खरंच बुडतोयस का?’ भूक अशी दिसत नाही. लॉकडाउनमध्ये दिसली होती. २०२० च्या मे महिन्यात हायवेवरून डोक्यावर बोचकी घेऊन लोक चालत निघाले होते, तेव्हा पनवेलमध्ये कुणी कुणाला काही विचारलं नाही. जो समोर आला त्याच्या हातात पाकीट दिलं. एरवी भूक कपडे घालून, केस विंचरून येते, आणि मग आपल्याला पुरावा हवासा वाटतो.

हा पुरावा मागण्याचा आपला इतिहास मोठा आहे. अन्नदान श्रेष्ठ दान असं आपण म्हणत आलो, पण पान वाढण्याआधी ‘तू कोण’ हे विचारूनच. पेशवाईत पुण्याला पर्वतीच्या रमण्यात श्रावणात दक्षिणा वाटली जायची, ती ब्राह्मणांना. देवळांच्या पंक्तीत कोणी बसायचं आणि कोणी बाहेर उष्ट्याची वाट बघायची, हे ठरलेलं होतं. भूक हा निकष नव्हताच. म्हणून गुरुद्वाराचा लंगर मला नुसता दानधर्म वाटत नाही. तिथे पहिला प्रश्नच काढून टाकलेला आहे.

इंग्रज आले आणि प्रश्न बदलला. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी खाली आणली. दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहून कमी धान्य आणि वर थोडी चिल्लर. दिवसभर खडी फोडायची त्यावर. शिवाय काम घरापासून लांब द्यायचं, म्हणजे खरा गरजू असेल तोच येईल. तर्क बघा, काकांचाच आहे, फक्त जास्त निर्दय. लोकांनी काय केलं? मुंबई इलाख्यात हजारो उपाशी मजूर काम सोडून निघून गेले. भुकेल्यांचा संप. सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. मरायला टेकलेली माणसंसुद्धा एका मर्यादेपलीकडे परीक्षा देत नाहीत, ही गोष्ट सरकारच्या हिशोबात नव्हती.

त्याच १८७७ साली सावित्रीबाई फुले जुन्नर भागात दुष्काळाचं काम करत होत्या. ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. सत्यशोधक समाजाने मुलांसाठी धनकवडीला अन्नछत्रही चालवलं. (आपल्या पनवेल तालुक्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनाही याच दुष्काळाने पेटवलं. पण त्यांनी काढलेला मार्ग वेगळा, तो विषय वेगळा.)

बरोबर १०० वर्षांनी, १९७७ मध्ये, महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. त्यामागे १९७२ चा दुष्काळ होता. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. आजीआजोबांना विचारा, ते मिलो ज्वारीच्या भाकरीची चव सांगतील. कामावर येणाऱ्याला ‘तू गरीब आहेस का’ असं विचारायची गरज पडत नव्हती. उन्हात खडी फोडायला पोट भरलेला माणूस कशाला येईल? परीक्षा कामातच होती. तीही कठोरच, पण कुणासमोर तोंड वेंगाडायला लावणारी नव्हती. आणि कायद्यानंतर काम मागणं हा हक्क झाला. टेंपलची खडी आणि रोहयोची खडी वजनाला सारखीच असेल. मला फरक दिसतो तो मजूर मुकादमाशी कुठल्या सुरात बोलू शकतो यात.

आमच्या रांगेचंही थोडं तसंच आहे. एप्रिलमध्ये दुपारी पाऊण तास उभं राहून थर्माकोलच्या वाटीत डाळभात घ्यायचा, येणारेजाणारे बघत असतात, ओळखीचं कुणी दिसेल ही धास्ती असते. ही फी भरून जो आला, त्याला मी वेगळं काय विचारणार?

मी हे ग्रुपवर लिहिलं. काका म्हणाले, ‘ठीक आहे, पण मोजून बघू.’ त्यांनी वही आणली. नाव, गाव, आधारचे शेवटचे चार आकडे. ‘कुणाला हाकलायचं नाही, फक्त लिहायचं.’

तीन आठवड्यांत रांग पाऊणपट झाली. काकांना वाटलं, खोटे गळाले. पण वही नीट बघितली तर उलटंच दिसत होतं. रिक्षावाले दादा नियमित होते, आधार पाठ म्हणून दाखवायचे. पुलाखालच्या दोन मावश्या यायच्या बंद झाल्या. एक जालन्याकडची बाई, नवऱ्याला उपचारासाठी घेऊन आलेली, पहिल्या दिवशी वही बघून म्हणाली, ‘नाव नका लिहू दादा, गावात कळलं तर?’ मी म्हटलं, ‘ताई, गावात कसं कळेल?’ ती हसली आणि पुन्हा आली नाही. कागद मागितला की कागद असलेले टिकतात. ते सगळ्यात गरजू असतात असं नाही, ते फक्त कागदवाले असतात. आणि जे गेले त्यांची नोंद कुठल्याच वहीत होत नाही, त्यामुळे वही नेहमी बरोबरच वाटते.

शिवभोजन थाळीचं मला इथे सारखं आठवतं. २६ जानेवारी २०२० ला ती सुरू झाली. दोन चपात्या, एक वाटी भाजी, भात, वरण, १० रुपयांत. शहरात थाळीची किंमत ५० रुपये धरलेली, वरचे पैसे सरकार केंद्रचालकाला देणार. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला काही नाही, १० रुपये टाका आणि जेवा. त्या दहा रुपयांत मोठी गंमत आहे. पैसे देणारा माणूस गिऱ्हाईक असतो, भात कमी वाढला तर तो बोलू शकतो. पण जेवणाऱ्याचा फोटो काढून अॅपवर टाकायची पद्धत आली. का? तर केंद्रचालकाने खोट्या थाळ्या दाखवून अनुदान उचलू नये म्हणून. संशय चालकावर होता आणि चेहरा द्यायचा जेवणाऱ्याने! आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असंच होतं. मधल्या माणसाच्या चोरीची शहानिशा शेवटच्या माणसाच्या अंगठ्यावर होते.

आणि आम्ही तरी काय? आमच्यातलाच एक जण रील बनवायचा. हेतू चांगला, त्यामुळे देणारे वाढतात हेही खरं. पण ताट घेणारा हात आणि त्यामागचा चेहरा देऊन वाढतात. आता फक्त टोपाचे आणि आमचे फोटो काढतो. लाइक कमी येतात.

यातून मी ज्या मतावर आलोय ते असं. शंभरातल्या पाच जणांनी गरज नसताना जेवण घेतलं तर पाच ताटं जातात. ती नाहीतरी हॉलच्या मागे गटारात जाणार होती. पण पुरावा मागून खऱ्या भुकेल्यांपैकी एकही परत गेला तर त्याचं नुसतं ताट जात नाही, तो पुढच्या वेळी उपाशी असूनही येत नाही. पहिली चूक मी सहन करू शकतो.

काकांचा बारा माणसांचा प्रश्न याने सुटत नाही, हे मला मान्य आहे. तो सुटला तितका काकांनीच सोडवला. माणसाला विचारायच्या ऐवजी त्यांनी वाढायची पद्धत बदलली. आधी रांगेतली डोकी मोजायची, मग सगळ्यांना छोटी वाटी, पोरंबाळं आणि म्हातारे आधी. सगळे संपले की ज्याला हवं त्याने पुन्हा यायचं, कितीही वेळा. दुसऱ्या वाटीला लोक आपणहून हिशोब करतात. मागे उभ्या असलेल्याकडे बघून ‘बस, झालं माझं’ म्हणणारे रिक्षावाले दादाच असतात, हे मी बघितलंय.

तरी कमी पडतंच. कारण आमचं जेवण पंचांगावर चालतं. लग्नसराईत टोप उचलायला माणसं कमी पडतात, मुहूर्त संपले आणि पाऊस लागला की फोन थंड. पाऊस लागला की नाक्यावरचं कामही थंड होतं, म्हणजे रांग वाढायची तीच वेळ. वाढदिवसाला, पितृपक्षात लोक आठवणीने देतात, त्यांच्या तारखेला. ‘खरंच गरज आहे का’ हा प्रश्न एकदा उलटा करून बघावा असं मला अशा वेळी वाटतं. उरलेलं अन्न कुठेतरी जायला हवं असतं, केटररला टोप रिकामे हवे असतात, आम्हाला रात्री बरं वाटायला हवं असतं. गरज आमचीही असतेच, फक्त तिचा पुरावा कुणी मागत नाही.

काकांची वही अजून आहे, रकाने बदललेत. तारीख, अन्न शिजवल्याची वेळ, जेवलेली माणसं आणि न मिळालेली माणसं. नावं नाहीत. चौथ्या रकान्याचे आकडे घेऊन काका आता एका हॉटेल असोसिएशनच्या मागे लागलेत, की पावसाच्या चार महिन्यांत आठवड्यातून तीन दिवस ताजा डाळभात द्या, उरलेला नको. बोलणी चालू आहेत. परवाच्या बुधवारी चौथ्या रकान्यात १९ होते.