मरारीच्या वंशजांच्या मेखा

वाचन : गणना 4:29-33, अनुवाद 22:8

गणनेच्या पुस्तकाचा चौथा अध्याय आमच्या मंडळ्यांत क्वचितच वाचला जातो. नावे, वये व ओझी ह्यांची ती लांबलचक यादी पाहून वाचणारा हळूच पान उलटतो. तथापि ज्या बंधूंचा दिवस ट्रॅक्टरावर किंवा वेल्डिंगच्या दुकानात जातो, त्यांनी हा अध्याय मुद्दाम वाचावा अशी आमची विनंती आहे.

रानातील निवासमंडप हा जोडण्याचा व सोडण्याचा मंडप होता. मेघ उठला की तो उतरवावयाचा, मेघ थांबला की पुन्हा उभारावयाचा. सर्व फळ्यांचे माप एकच. प्रत्येक फळीस दोन कुसे, व ती कुसे बसण्यास खाली रुप्याच्या दोन उथळ्या. पडदे एकमेकांस जोडण्याकरिता सोन्याचे पन्नास आकडे होते, हे निर्गमाच्या 26 व्या अध्यायात आपण वाचतो. लेव्यांच्या तीन घराण्यांत हे सामान वाटून दिले होते. कहाथाच्या वंशजांकडे कोश व वेदी, गेर्षोनाच्या वंशजांकडे पडदे, आणि मरारीच्या वंशजांकडे फळ्या, अडसर, खांब, उथळ्या, मेखा व तणावे. मरारीचे 3,200 पुरुष ह्या कामावर होते व त्यांस 4 गाड्या व 8 बैल दिले होते. आता नवल पाहा. ह्या शेवटच्या सामानाविषयीच, ज्यात मेखा आणि दोऱ्या आहेत त्याविषयीच, अशी आज्ञा आहे की एकेक जिन्नस नाव घेऊन ज्याच्या त्याच्या हवाली करावा. कोश कोणाच्या नजरेआड होण्यासारखा नव्हता; सर्व इस्राएलाचे डोळे त्याजवरच असत. हरवते ती मेख.

आमच्या मंडळ्यांतील कित्येक घरांत आजे-पणजे दोर वळीत असत. मोटेचा नाडा त्यांच्या हातचा. बैल धावेवरून उतरत असता तो नाडा तुटला तर बैलही गेले आणि हाकणाराही गेला. परंतु नाडा वळणाऱ्याचे नाव गावाने आदराने घेतले असे फारसे घडले नाही. देवाच्या यादीत मात्र तणाव्यांचा उल्लेख आहे, आणि ते वाहणाऱ्यांचाही. हे आम्ही जाता जाता सांगितले. पण ज्याला लागू पडते त्याला ते जाता जाता सांगण्यासारखे वाटणार नाही.

मोटा गेल्या. धाराशिव जिल्ह्यात आता नांगरट, पेरणी व वाहतूक बहुतेक ट्रॅक्टराने होते, आणि काही ट्रॅक्टरांच्या तोंडाशी लोडरही दिसतो. लोडरास दोन लोखंडी हात, ते उचलण्यास तेलाचे जॅक, आणि टोकाशी बकेट. शेणखत भरण्यास बकेट लागते, कडबा उचलण्यास काटे लागतात, माती सारण्यास फळी लागते. दर वेळी चार पिना घणाने ठोकून काढावयाच्या, एक अवजार उतरवावयाचे, दुसरे चढवावयाचे, ह्यात दोन माणसांची अर्धी सकाळ जाते. म्हणून झटपट जोड निघाला. हातांच्या टोकाशी एक चौकट कायमची राहते. तिची वरची कड अवजाराच्या पाठीवरील आकड्याखाली शिरते. चौकट मागे कलविली की अवजार तिजवर टेकते. आणि खालच्या बाजूच्या दोन पिना अवजाराच्या छिद्रांत उतरल्या म्हणजे जोड पक्का होतो. तयार जोड महाग पडतो. तेव्हा गावचा कारागीर तो पत्र्याचे तुकडे जोडून स्वतःच घडवितो.

ह्या घरगुती कारागिरीस आम्ही नाके मुरडीत नाही. शौलाच्या दिवसांत इस्राएलात लोहार राहिला नव्हता आणि फाळ व कुऱ्हाड पाजविण्यास पलिष्ट्यांकडे जावे लागे, हे 1 शमुवेल 13 मध्ये दुःखाची गोष्ट म्हणूनच लिहिले आहे. ज्या गावात जोड घडविणारा हात आहे, त्या गावावर देवाची कृपा आहे. अमेरिकेतील मिनेसोटा प्रांतातही 1957 साली केलर आडनावाच्या दोन भावांनी, टर्की नावाची मोठी पाखरे पाळणाऱ्या एका शेतकऱ्याचे गोठे साफ करण्याकरिता, आपल्या लहानशा दुकानातच तीन चाकांचा एक लोडर बनविला. बॉबकॅट ह्या नावाने जगभर फिरणाऱ्या यंत्रांचे मूळ तेच.

परंतु घरी घडविलेल्या जोडास माप कोण देणार? कारखान्यात तपासनीस असतो. गावच्या दुकानात कारागिराची सदसद्विवेकबुद्धी हीच तपासनीस. शहाणा कारागीर आधी एक साचा करितो व बकेट, काटे, फळी ह्या सर्वांची पाठ त्याच साच्यावर बेततो, म्हणजे निवासमंडपाच्या फळ्यांप्रमाणे काहीही कोठेही बसते. तो पिना बुशांत घालूनच टाके मारतो, गुण्या लावतो, दोन्ही कर्ण मोजतो, आणि मग एका बाजूस थोडे, दुसऱ्या बाजूस थोडे असे वेल्ड करीत जातो. कारण एका दमात वेल्ड केले तर उष्णतेने पत्रा ओढला जातो व चौकट वाकडी होते. चौकट मध्ये आल्याने भार ट्रॅक्टरापासून वीतभर पुढे सरकतो, लोडर पूर्वीइतके वजन उचलीत नाही व पुढच्या चाकांवर ताण येतो, हे तो मालकाला आधीच सांगतो व मागे वजन बांधावयास लावतो.

आणि मालक काय म्हणतो? "काय व्हतंय त्याला? दोन टाके मार की, दुपारी खत भरायचंय." हे वाक्य आमच्या किती तरुण बंधूंनी ऐकले असेल! रंग दिल्यावर दोन टाके आणि पूर्ण शिवण सारखीच दिसतात. मजुरीही तितकीच मिळते. पिन हरवली तर सळईचा तुकडा आहेच, तोही नसला तर तार आहे. नाही म्हटले तर मालक दुसऱ्या दुकानी जाईल, आणि घरी चूल पेटावयाची आहे. हा मोह आम्ही लहान समजत नाही. ज्याचे पोट रोजच्या कामावर आहे त्याला तो आम्हांपेक्षा अधिक कळतो.

येथे अनुवादातील आज्ञा वाचावी. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाही तर कोणी खाली पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असे ती सांगते. मोशेच्या नियमशास्त्रात कठड्याला जागा मिळाली! घर माझे, धाबे माझे, पैसा माझा, हे सर्व खरे. तरी त्यावर चढणाऱ्या शेजाऱ्याचा जीव देवाचा आहे. बकेटीखाली कोण उभे राहते? सांडलेले खत पाटीत भरणारी मजूर बाई, दगड बाजूला सारणारा पोर. बहुधा आमच्याच वस्तीतील. मालकाचा मुलगा तेथे क्वचित असतो.

ह्या जिल्ह्याला न जोडलेल्या गोष्टींची ओळख करून द्यावयास नको. 1993 सालच्या 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी व सास्तूर ह्या बाजूस भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसे स्वतःच्याच घरांखाली गेली. भिंती बारीक नव्हत्या, चांगल्या रुंद दगडमातीच्या होत्या. पण आतला थर निराळा व बाहेरचा निराळा. दोहोंस आरपार धरून ठेवणारे दगड पुष्कळ ठिकाणी नव्हतेच, आणि वर माळवदाच्या मातीचा भार. ज्यांनी त्या भिंती रचल्या ते दुष्ट नव्हते. तसे आरपार दगड घालावे लागतात हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आज ज्याला सांगितले आहे त्याची गोष्ट वेगळी. मारका बैल असल्याची सूचना मिळूनही जो त्याला बांधीत नाही, त्याचा हिशेब निर्गम 21 मध्ये निराळा केला आहे.

आमचा प्रभू ह्या धंद्यास परका नाही. मार्क 6:3 मध्ये लोक त्याला सुतार म्हणतात, आणि दुसऱ्या शतकातील जस्टिन ह्या रक्तसाक्ष्याने लिहून ठेविले आहे की तो नांगर व जू करीत असे. जू म्हणजे तरी काय? बळ आणि काम ह्यांमधला जोड. ते मापात नसेल तर बैलाचा खांदा सुजतो, आणि बैलाला बोलता येत नाही. ज्याने नासरेथात तीस वर्षांच्या आत किती तरी मुक्या खांद्यांचे माप घेतले असेल, त्यानेच पुढे थकल्याभागलेल्यांना आपले जू घ्यावयास बोलाविले व ते सोयीचे आहे असे सांगितले. ते जू नीट बसेल असा भरवसा आम्ही धरितो, कारण करणाऱ्याचा हात आम्हांस ठाऊक आहे. मग त्याच्या नावाचा बाप्तिस्मा घेतलेल्या कारागिराच्या हातचा जोड गावाने कोणत्या भरवशाने घ्यावा?

नाही म्हणावयाचे ते नम्रपणे म्हणावे. "मालक, पूर्ण शिवण मारल्याशिवाय मला देता येणार नाही, सांजेपर्यंत थांबा." काही थांबतील, काही जातील. जे गेल्याने बंधूचे नुकसान होईल, ते मंडळीने ओळखावे. पाच घरांनी शेर-शेर ज्वारी दिली तर त्या घरची चूल विझत नाही, व हे दानपेटीत टाकलेल्या पैशाइतकेच देवाला दिलेले आहे.

आता उपदेशक बंधूंकरिता दोन शब्द. येत्या बुधवारच्या प्रार्थनासभेत गणनेचा हा भाग वाचावा, नावे गाळू नयेत. जे ट्रॅक्टर चालवितात त्यांना सांगावे की अवजार जोडल्यावर खाली उतरून दोन्ही पिना आरपार आल्या आहेत की नाही हे डोळ्यांनी पाहावे. मग बकेटीची कड जमिनीवर दाबून पाहावी. आणि त्यानंतरच ती उचलावी. उचललेल्या बकेटीखालून कोणी जाऊ नये, क्षणभरही नाही. पिनेला लहान साखळी लावून ती चौकटीस वेल्ड करावी, म्हणजे सळई शोधण्याची वेळ येणार नाही. सभेच्या शेवटी, मंडळीतील जे जे दुकानांत व यंत्रांवर काम करितात त्यांच्याकरिता, आणि त्या यंत्रांजवळ मजुरी करणाऱ्या भगिनींकरिता, एकेकाचे नाव घेऊन प्रार्थना करावी.