परमुलुख, परभाषा आणि सम्यक वाणी



छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यात, कन्नड तालुक्यात देवगाव रंगारी हे गाव आहे. अशा गावातील एखादे बौद्ध घर डोळ्यांपुढे आणा. मुलगा शिकला आणि आता परदेशी निघाला. कोणी आखाती देशात कामाला जातो, कोणी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळवून शिकायला जातो. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला, तोही मार्ग आहे. आई चटणीची बरणी बांधते, वडील पैशांची जुळवाजुळव करतात. शेजारीपाजारी विचारतात, "तिकडची थंडी सोसेल का? जेवणाचे कसे?" परंतु एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. जेथे आपली भाषा कोणाला कळत नाही आणि त्यांची आपल्याला कळत नाही, तेथे बौद्धाने आपले शील कसे सांभाळावे?

तुम्ही म्हणाल, भाषेचा आणि शीलाचा काय संबंध? भाषा हा शिकण्याचा विषय, शील हा वागण्याचा विषय. थोडे थांबा आणि विचार करा. परमुलखात गेलेल्या माणसाच्या तोंडी पहिल्याप्रथम कोणता शब्द बसतो? "होय." मुकादम काही सांगतो, हा म्हणतो होय. कागद पुढे येतो, हा सही करतो. सगळे हसतात, हाही हसतो. समजलेले काहीच नसते. समजले नाही असे म्हणायची लाज वाटते, म्हणून तो होय म्हणतो.

हे होय म्हणजे खोटे बोलणे नव्हे काय? फसविण्याच्या हेतूने ते बोललेले नसते हे खरे. परंतु जे समजले नाही ते समजले असे दाखविणे हे सत्यही नव्हे. चौथ्या शीलाची कडा येथे झिजू लागते. आणि या खोट्याने दुसऱ्याचे नुकसान होण्याआधी स्वतःचेच होते. पगार किती ठरला, तास किती ठरले, कोणत्या यंत्राला हात लावू नये, हे न समजता होय म्हणणारा माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचा गळा बांधून घेतो.

बंधूंनो, हे होय आपल्या ओळखीचे आहे. आपले आजे-पणजे गावकुसाबाहेर राहून "जोहार मायबाप" म्हणत होते. पुढचा काय सांगणार हे ऐकण्याआधीच त्यांची मान लवलेली असे. त्यांना विचारण्याचा अधिकार नव्हता, म्हणून समजून घेण्याचाही नव्हता. आणि मराठवाड्याला तर भाषेचे परकेपण घरबसल्या भोगावे लागले. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत येथे निजामाचे राज्य होते. कारभार उर्दूत, वरचे शिक्षणही उर्दूत. शेतकऱ्याच्या नावाचा कागद त्याला वाचता येत नसे. ज्याला एकही अक्षर शिकू दिले नव्हते, त्याची काय कथा! तो आपल्याच गावात परदेशी होता.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी आपली ही लवलेली मान सरळ केली. त्या दिवशीच्या बावीस प्रतिज्ञा त्यांनी मराठीत दिल्या. ज्याने हात वर केला त्याला आपण काय सोडतो आणि काय स्वीकारतो, हे समजत होते. समजून म्हटलेले होय आणि न समजता म्हटलेले होय यांत माणूस आणि गुलाम यांच्याइतका फरक आहे. मग दीक्षा घेतलेल्या घरातला मुलगा परमुलखात जाऊन पुन्हा जुने होय म्हणू लागला, तर त्याने काय मिळविले?

म्हणून परभाषेतील पहिले वाक्य कोणते शिकावे, असे कोणी विचारले तर मी सांगेन, "मला समजले नाही, पुन्हा सांगा." यात कमीपणा नाही. तथागतांनी कालामांना हेच सांगितले नव्हते काय, की ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून किंवा बोलणारा मोठा म्हणून काही मानू नका, स्वतः जाणा? बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, त्याला पुढे मिलिंद राजाचे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन म्हटले. हा मिलिंद यवन राजा होता. ‘मिलिंदपञ्ह’ उघडून पाहा. राजा असूनही तो भदन्त नागसेनांना पुन्हा पुन्हा म्हणतो, उपमा द्या, आणखी एक उपमा द्या. राजाला विचारण्याची लाज वाटली नाही, मग आपल्याला का वाटावी?

आता दुसरी बाजू पाहू. काही जण भाषेच्या अभिमानाने अडून बसतात. आपले बोलणे तेवढे खरे, बाकीच्यांचे ते वाकडे! तथागतांच्या शिकवणीत या दोन्ही टोकांना उत्तर आहे. विनयपिटकात दोन ब्राह्मणकुलीन भिक्खूंची गोष्ट आहे. नाना कुळांचे, नाना जातींचे भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवितात, म्हणून ते छंदोबद्ध वैदिक भाषेत घालावे, अशी त्यांनी विनंती केली. तथागतांनी त्यांना दोष दिला आणि आपापल्या भाषेत धम्म शिकण्याची अनुज्ञा दिली. म्हणजे कोणाचीही बोली हलकी नाही. तुमची देवगावची बोली हलकी नाही.

परंतु मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात तेच तथागत सांगतात की, प्रांताच्या बोलीचा हट्ट धरू नका. एकाच भांड्याला एका मुलखात पाति म्हणतात, दुसरीकडे पत्त, तिसरीकडे सराव. कोणी वाडगा म्हणेल, कोणी कटोरा म्हणेल. माझाच शब्द खरा, बाकी खोटे, असे म्हणणाऱ्याने कलह ओढवून घेतला. ज्या मुलखात जो शब्द चालतो तो शब्द त्या मुलखात वापरावा. आपल्या बोलीची लाज नाही आणि आपल्या बोलीचा हट्टही नाही, हा भाषेतील मध्यम मार्ग होय.

हा मार्ग चालून गेलेली माणसे आहेत. चिनी भिक्खू फाहियान इ. स. ३९९ मध्ये विनयाच्या शोधात निघाला. पाटलिपुत्रात तीन वर्षे बसून त्याने येथील भाषा शिकली आणि ग्रंथ उतरून घेतले. बरोबर निघालेल्यांपैकी कोणी वाटेत वारले, कोणी मागे राहिले. पुढे सिंहलद्वीपात बुद्धमूर्तीपुढे कोणी वाहिलेला आपल्या देशाचा पांढरा रेशमी पंखा त्याला दिसला आणि त्याचे डोळे भरून आले. एवढा विद्वान भिक्खू पंख्यासाठी रडला! तुमचा मुलगा फोनवर गहिवरला तर त्याला भित्रा म्हणू नका. गहिवर हा दोष नव्हे. फाहियानने डोळे पुसले आणि ग्रंथ घेऊनच तो घरी गेला.

ज्यांच्याकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली ते महास्थविर चंद्रमणी ब्रह्मदेशात आराकानात जन्मले आणि त्यांनी आयुष्य कुशीनाऱ्यात, परक्या भाषेच्या माणसांत काढले. खुद्द बाबासाहेबांना शाळेत जातीमुळे संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. संस्कृत ते पुढे स्वकष्टाने शिकले. १९२१ साली त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव घातले. त्यांनी रचलेला पाली शब्दकोश शासनाने १९९८ साली प्रसिद्ध केला. ज्या माणसाला एक भाषा नाकारली, त्याने अनेक भाषा मिळविल्या. भाषा ही कोणाच्या जातीची मिरास नाही.

शेवटी एक प्रश्न आपल्याच दाराशी आहे. वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर परप्रांतातून आलेला मजूर तुमच्या गावात उभा असतो. त्याला मराठी येत नाही. त्याच्या बोलण्याची नक्कल करून पोरे हसतात. तेव्हा तुम्ही काय करता? परदेशात आपल्या मुलाला कोणी तरी माणूस समजून हळू बोलावे, पुन्हा सांगावे, असे आपल्याला वाटते. मग या मजुराच्या आईलाही तसेच वाटत असेल. त्याला दोन शब्द शिकवा. त्याच्या मजुरीचा कागद त्याला समजेल असा वाचून दाखवा. मैत्री याहून वेगळी नाही.

मुलगा निघेल तेव्हा त्रिसरण-पंचशील म्हणा. चटणीची बरणीही द्या. आणि पाठीवर हात ठेवून एवढे सांगा, "बाळा, समजेल तेव्हाच होय म्हण."

भवतु सब्ब मङ्गलं.