ठाण्यात कुणी वळखीचं हाय का?

नांदेड-लातूरकडच्या गावात बांधावरून भांडण झालं, मोटारसायकल चोरीला गेली की घरातला पहिला सवाल ठरलेला असतो : "ठाण्यात कुणी वळखीचं हाय का?" तक्रारीत काय लिहायचं, ते नंतर. आधी सोयरा शोधायचा, सोयऱ्याच्या ओळखीतला जमादार शोधायचा, तेही जमलं नाही तर पंचायत समितीच्या एखाद्या सदस्याला गाडीवर बसवून न्यायचं. या सवालाची इतकी सवय झाली आहे की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नाही. वाटायला हवं.

पोलीस आणि जनता यांच्यातली दरी कमी करण्याचे नेहमीचे उपाय वाचकाला पाठ आहेत. सणांआधी शांतता समितीची बैठक, पोलीस मित्र, रक्तदान शिबिरं, जानेवारीत शाळकरी मुलांसाठी शस्त्रांचं प्रदर्शन. ओळख वाढली की विश्वास वाढतो, ही समजूत या सगळ्याच्या मुळाशी आहे. मराठवाड्यात ओळखीचा दुष्काळ मात्र कधीच नव्हता. ओळख तिच्या धन्याच्या उपयोगी पडते. ज्याचं ठाण्यात कुणीच नाही त्यालाही आपलं ऐकून घेतलं जाईल असं वाटणं, हा विश्वास. या दोन गोष्टी एकाच पोत्यात भरल्या की पुढचं सगळं धोरण चुकत जातं.

लातूर जिल्ह्यातल्या पानगावचा प्रसंग आठवावा. 19 फेब्रुवारी 2016, शिवजयंती. आंबेडकर चौकात भगवा झेंडा लावण्यापासून पोलिसांनी काही तरुणांना रोखलं, कारण त्यातून दोन समाजांत तेढ झाली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी जमाव चौकीवर चालून आला. चौकीत माणसं दोनच. तिथल्या सहायक पोलीस उपनिरीक्षकाला मारहाण झाली, हातात झेंडा देऊन गावातून फिरवण्यात आलं. ते मुसलमान होते. चौकीतला माणूस गावाला अनोळखी नसतो. उलट त्याचं नाव, धर्म, सगळं गावाला ठाऊक असतं. त्या सकाळी जमावाने नेमकी तेवढीच ओळख लक्षात ठेवली.

नांदेडला 29 मार्च 2021 रोजी वेगळं घडलं. करोनामुळे होला मोहल्ल्याच्या मिरवणुकीला परवानगी नव्हती. कार्यक्रम आवारातच करू, असं आश्वासन गुरुद्वारा समितीने दिलं होतं. प्रत्यक्षात शेकडोंचा जमाव फाटक आणि अडथळे तोडून बाहेर आला आणि चार पोलीस जखमी झाले. शब्द देणारे खोटे होते असं नाही. पण त्यांच्या शब्दाने बांधली जाणारी माणसं त्या बैठकीत नव्हती.

इथे थोडं मागे जायला हवं. या भागाच्या आठवणीत वर्दी नेहमी कुणाची तरी राहिली आहे. निजामाच्या अमलात पोलीस आणि रझाकार यांच्यातली रेषा लोकांना दिसत नव्हती. निजामाविरुद्धच्या लढ्यात उमरीची बँक लुटणारे म्हणूनच आजही स्वातंत्र्यसैनिक म्हणून आदराने आठवले जातात. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा आल्या. इथली म्हातारी माणसं त्याला अजून 'पोलीस ॲक्शन'च म्हणतात. पाच दिवसांत हैदराबाद संस्थान शरण आलं, आणि त्यानंतर मुसलमानांवर जे अत्याचार झाले त्यात सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत पंडित सुंदरलाल समितीने नांदेड आणि उस्मानाबाद यांची नावं घातली. आजच्या लातूर जिल्ह्याचा काही भाग तेव्हा उस्मानाबादेतच होता. दोघांनाही सारखं सांभाळणाऱ्या वर्दीची आठवण अशा रीतीने इथे ना एका समाजाला मिळाली, ना दुसऱ्याला.

वर्दीबद्दलच्या या अविश्वासावर सुरेश खोपडे यांच्याकडे एक ठोस उत्तर आहे. 1984 च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त असताना त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि 1992-93 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. हे यश मोठं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. तरी त्यांच्या पद्धतीवर एक आक्षेप राहतोच. भिवंडीतला प्रश्न मुख्यतः दोन धर्मांतला होता. मराठवाड्याच्या खेड्यात भांडणाच्या एका बाजूला जमीन, सोसायटी आणि सरपंचपद असतं, दुसऱ्या बाजूला त्याच शेतावरची मजुरी. ही दोन माणसं एका सतरंजीवर बसली म्हणून सारखी होत नाहीत. शिवाय त्याच भिवंडीत 2006 साली जमावाने दोन पोलिसांना ठार केलं. पण खोपड्यांच्या समित्यांत पुढाऱ्यांऐवजी मोहल्ल्यातली साधी माणसं बसली, ही बाब उरतेच. भिवंडीत कामी आली ती कदाचित जवळीक नसेलच. बिनओळखीच्या माणसाला मिळालेली जागा असेल.

हे मान्य केलं तर मग तंटामुक्तीचं काय करायचं? आर. आर. पाटील यांनी 15 ऑगस्ट 2007 ला सुरू केलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. वर्षानुवर्षं रेंगाळलेले दावे गावात बसून मिटले, गरिबांचे वकील आणि हेलपाटे वाचले. पण मिटलेल्या तंट्याला गुण आणि गुणांवर बक्षीस असलं की फिर्याद करणारा गावाचं नुकसान करणारा ठरतो. "मिटवून घ्या की" हे वाक्य दोघांना सांगितलं जातं. ऐकावं मात्र दुबळ्यालाच लागतं.

नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत 1 जून 2023 ला एका बौद्ध तरुणाचा खून झाला. गावात आंबेडकर जयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, अशी कुटुंबाची फिर्याद आहे. असा राग एका संध्याकाळी उगवत नाही. त्याआधीच्या लहान धमक्या, शिवीगाळ, अडवणूक जिथे नोंदली जाते, तिथे पोलिसांना निदान वेळेवर कळतं.

म्हणून शांततेपेक्षा नोंदीकडे पाहायला हवं, इथवर हा विचार येऊन पोचतो. ज्या ठाण्यात दलित वस्तीतल्या, पारधी बेड्यावरच्या, तांड्यावरच्या बायकांच्या तक्रारींचा आकडा वाढला, तिथल्या निरीक्षकाला जाब विचारण्याऐवजी शाबासकी मिळाली पाहिजे. दखलपात्र गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच ललिता कुमारी खटल्यात सांगितलं आहे. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, आणि 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या संहितेत हद्दीचं कारण सांगून कुणाला परत पाठवता येत नाही. खोट्या फिर्यादी वाढतील, ही भीती खरी आहे. तो निवाडा तपासात व्हावा, ठाण्याच्या पायरीवर नको.

फिर्याद पोलिसांविरुद्धच असली तर? नांदेड परिक्षेत्रातल्याच परभणीत डिसेंबर 2024 मध्ये सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, एवढा आदेश मिळवायला त्यांच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावं लागलं. 4 जुलै 2025 ला तो आदेश झाला. त्या महिन्याच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. अशा फिर्यादींसाठीच सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्याच्या 2006 च्या निकालात जिल्हावार पोलीस तक्रार प्राधिकरण सांगितलं होतं. महाराष्ट्राने 2014 च्या दुरुस्तीत ते राज्य आणि विभाग पातळीवर ठेवलं. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या माणसाने त्यासाठी कुठवर जायचं? ते प्राधिकरण नांदेडला हवं, लातूरला हवं. सकाळच्या एसटीने जाऊन, कागद देऊन, पोच घेऊन माणूस संध्याकाळी घरी येईल इतक्या अंतरावर.